मुळं दाखव

रात्री झोपायच्या बेतात असताना मैत्रिणीने एक फोटो पाठवला. पांढरं फॅलेनॉप्सिस ऑर्किड, दांडी झकास कमान करून वाकलेली आणि तिच्यावर ओळीने उमललेली फुलं. त्या फुलांखाली मात्र पानं अंगातलं बळ गेल्यासारखी कुंडीच्या काठावर टेकलेली. सोबत लिहिलं होतं, "हिला काय झालंय गं? पाणी तर वेळच्या वेळी घालते." मी लिहिलं, "मुळं दाखव." उत्तर लगेच आलं. "अगं, मुळांना काही झालेलं नाही. पानं आजारी आहेत."

त्यावर काय लिहावं ते सुचेना. फोन पालथा ठेवून दिवा मालवला, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. तिचं तरी काय चुकलं होतं? जे दिसतं त्यालाच माणूस आजार म्हणणार. आणि मी मागितलं होतं ते काही साधं नव्हतं. मुळं दाखव म्हणजे भर बहरातलं झाड कुंडीतून उपसून काढ, कुंडीत मातीऐवजी भरलेली, त्याच्या बुडाला चिकटलेली झाडाची साल झटक, जी मुळं कशीबशी तग धरून असतील तीही हलव, आणि मग मला सांग. काय झालंय हे कळायलाच झाडाला आधी दुखवावं लागतं. घरी ऑर्किड बाळगणाऱ्यांना हा पेच कधी ना कधी पडतोच. बरेच जण शेवटपर्यंत कुंडी उपडी करत नाहीत, आणि ते निष्काळजी असतात असं मला अजिबात वाटत नाही. फुलांनी भरलेल्या झाडाला हात लावायचा धीर होत नाही, एवढंच.

पान मऊ पडणं हे तर फारच फसवं लक्षण. निरोगी फॅलेनॉप्सिसचं पान चिमटीत धरलं की ते बोटांना उलटा दाब देतं. जाड, गार, आत पाणी गच्च भरलंय हे स्पर्शालाच कळतं. तेच पान तहानलं की त्यावर लांबीच्या दिशेने बारीक सुरकुत्या पडतात, कडा आत वळायला लागतात आणि ते स्वतःच्याच वजनाने खाली कलतं. इथवर हिशेब सरळ आहे: पाणी कमी पडलं. पण पाणी जास्त झालं तरी हुबेहूब हेच होतं. कुंडीत सतत ओल राहिली की मुळं कुजतात, कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि ओल्याचिंब कुंडीत बसलेलं झाड तहानेने सुकत जातं. वरून बघणाऱ्याला दोन्हींत तसूभरही फरक दिसत नाही. सुकलेलं पान बघून माणूस मायेपोटी अजून थोडं पाणी घालतो, पान आणखी सुकतं, माया आणखी वाढते.

पाण्याला दोष देणंही तितकंसं बरोबर नाही म्हणा. नुसत्या पाण्यात मुळं सोडून ऑर्किड वाढवणारी हौशी माणसं आहेत आणि त्यांची झाडं जगतात. मुळं मरतात ती गुदमरून. सालीचे तुकडे नवे असतात तेव्हा त्यांच्यामध्ये मोकळ्या फटी असतात. पाणी ओतलं की ते झिरपून खाली जातं आणि त्याच्या मागोमाग हवा आत शिरते. दोनेक वर्षांत साल कुजायला लागते, तिचा चुरा होतो, फटी बुजतात. मग तेवढंच पाणी, तेवढ्याच दिवसांनी घातलं, तरी ते आता आत थांबून राहतं. "मी तर पहिल्यापासून असंच पाणी घालत आलेय" हे वाक्य म्हणूनच पूर्ण खरं असतं आणि झाडाच्या काही उपयोगाचं नसतं. हवा तुटली की मुळांच्या पेशी दम सोडतात, आणि मग पिथियम, फायटॉप्थोरा, रायझोक्टोनिया, फ्युजेरियम अशी मुळं कुजवणारी, बुरशीसारखी मंडळी कामाला लागतात. यातल्या कुणी आधी घुसखोरी केली आणि कोण मेलेल्यावर जेवायला आलं, हे घरी बसून डोळ्यांनी ओळखता येत नाही.

यात आपण एकटे नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ऑर्किडचं वेड पसरलं तेव्हा तिथल्या मंडळींची समजूत अशी होती, की ही उष्ण प्रदेशातल्या जंगलातली झाडं, म्हणजे यांना कोंदट उष्मा आणि वाफच हवी. बंद काचघरात भट्ट्या पेटवून त्यांनी हजारो झाडं अक्षरशः शिजवली. त्यातली कितीतरी मुळात उंच डोंगरांवरच्या गार, वाऱ्याच्या रानांतून आणलेली होती. १८३० च्या दशकात चॅट्सवर्थच्या बागेत तिथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टनने काचघरं उघडून हवा खेळवायला आणि झाड कुठून आलंय ते पाहून तापमान ठेवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे झाडं टिकायला लागली. काचघराची खिडकी उघडली गेली, पण आपल्या कुंडीतली अजून बंदच आहे. शोभेच्या चिनीमातीच्या कुंड्या, तळाला भोक नसलेल्या, त्यात प्लास्टिकची कुंडी आणि खाली साचलेलं बोटभर पाणी. त्या बाहेरच्या कुंड्या बनवणाऱ्यांनी एकदा तरी ऑर्किड पाळून बघावं असं मला नेहमी वाटतं.

आता मुळं.

ऑर्किडचं मूळ पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ते मूळ वाटलंच नव्हतं. जाडजूड, रुपेरी, टोकाला हिरवं किंवा तांबूस. त्याच्याभोवती व्हेलामेन नावाचं आवरण असतं, मृत पेशींचं, पाणी झटकन शोषून घेणारं. कोरडं असताना त्या रिकाम्या पेशींत हवा भरलेली असते म्हणून मूळ पांढुरकं दिसतं. पाणी पडलं की ते आवरण पारदर्शक होतं आणि आतला हिरवा थर वर दिसायला लागतो. पाणी घालताना मूळ डोळ्यांदेखत हिरवं होत जाणं हे या छंदातल्या माझ्या सगळ्यात आवडत्या दृश्यांपैकी एक. इतर झाडांना पाणी घालताना असं ताबडतोब उत्तर मिळत नाही. पारदर्शक कुंडीत ऑर्किड ठेवायचं खरं कारण हेच, की मुळं रुपेरी झाली की पाणी द्यायचं, हिरवी असतील तर थांबायचं. वार ठरवून पाणी घालण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मेलेलं मूळ ओळखायला मात्र डोळ्यांपेक्षा बोटं बरी. बोटांत धरून हलकेच दाबायचं. जिवंत मूळ टणक लागतं. मेलेलं दबतं, त्यातून तपकिरी पाणी येतं, आणि जरा ओढलं की वरचं आवरण मोज्यासारखं निघून हातात येतं. मागे उरतो नुसता दोरा. वास तर विचारायलाच नको, तुंबलेल्या मोरीचा. पण इथे एक गोष्ट मला जरा चिडून सांगावीशी वाटते. रंगावरून मुळं कापणारे लोक फार आहेत. सालीच्या आत, अंधारात वाढलेलं मूळ पिवळट, मातकट असतं. सालीचा रंगही त्याला लागतो. ते मेलेलं नसतं, त्याला फक्त उजेड मिळालेला नसतो. कात्री घेऊन 'स्वच्छता' करायला बसलेल्या माणसाच्या हातून अशी टणक, कामाची मुळं सटासट जातात आणि वर समाधान मिळतं की आता कुंडीत सगळं पांढरं-हिरवं आहे. कुंडीबाहेर हवेत आलेल्या मुळांचंही तेच. ती वेडीवाकडी दिसतात म्हणून छाटली जातात. रोगट झाडाला बहुतेकदा तीच जगवत असतात.

मुळं गेली तरी पान लगेच सांगत नाही. फॅलेनॉप्सिस दिवसा पानांवरची छिद्रं मिटून बसतं आणि रात्री, हवा गार झाली की उघडून श्वास घेतं, त्यामुळे त्याचं पाणी फार हळू खर्च होतं. जाड पानांत साठा असतो, त्यावर ते कितीतरी आठवडे काढतं. आज जे पान सुकलेलं दिसतंय त्याची गोष्ट कधीच मागे घडून गेलेली असते. आपण आजच्या चुकीचा शोध घेत बसतो: काल खिडकी उघडी राहिली का, परवा खत जास्त पडलं का. आणि फुलं तर याहून गाफील ठेवतात. एकदा उमललेलं फूल दोन-तीन महिने सहज राहतं. खाली मुळांचा चिखल झालेला असताना वर बहर तसाच असतो. येणारे-जाणारे कौतुक करतात, फोटो काढतात. अशा वेळी मला त्या झाडाकडे बघवत नाही आणि कौतुक ऐकवतही नाही. कौतुक करणाऱ्याला काय सांगणार, की हे जे बघताय ना, ते याच्या पानांतलं शेवटचं पाणी आहे?

उपचाराची पहिली पायरी म्हणूनच फार जिवावर येते. मुळं नसलेल्या झाडाची फुलांची दांडी कापून टाकायची. त्यात कुणाचं दुमत नाही. फुलं झाडाकडून घेतच राहतात, आणि द्यायला झाडाकडे काही उरलेलं नसतं. कापलेली दांडी फुलदाणीत पुष्कळ दिवस टिकते, म्हणजे फुलं वायाही जात नाहीत. सगळं पटतं. तरी कात्री हातात घेऊन मी उगीच दुसऱ्या कुंडीची पानं पुसत बसते. दांडी कापल्यावर जे उरतं ते फार केविलवाणं दिसतं: सुरकुतलेली चार पानं आणि खाली दोऱ्यांचा गुंता. याला आता कोणी 'ऑर्किड आहे का हो तुमच्याकडे' असं विचारणार नाही.

मैत्रिणीचा दुसरा फोटो आला तो काही दिवसांनी. तिने स्वतःच धीर केला होता. वर्तमानपत्रावर झाड आडवं घातलेलं, साल पसरलेली. कुंडीच्या भिंतीला लागून असलेली मुळं हिरवी, टणक, अगदी दृष्ट लागण्याजोगी. म्हणूनच तिला वाटलं होतं की मुळांना काही झालेलं नाही. आणि बरोबर मध्यभागी, खोडाला आवळून बसलेला मॉसचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा, गच्च गोळा. रोप लहान असताना ते मॉसच्या छोट्या गोळ्यात वाढवतात आणि पुढे त्या गोळ्यासकट मोठ्या कुंडीत बसवून भोवतीने साल भरतात. वरून सगळी सालच दिसते. बाहेरची साल चार दिवसांत वाळते, आतला गोळा भिजलेलाच, आणि खोडाजवळची सगळी मुळं त्या गोळ्यात. तिने तो बोटांनी उकलला तेव्हा त्यातून काळा लगदा निघाला. "बाहेरून कळायला काही मार्गच नव्हता गं," तिने लिहिलं. खरंच नव्हता. विकत आणलेल्या फॅलेनॉप्सिसची फुलं सरली की आधी तो गोळा काढायचा, हे मी आता विचारो न विचारो सगळ्यांना सांगते.

पुढचा प्रश्न अपेक्षित होता: "आता याला काय लावू?"

काहीतरी लावायलाच हवं, असं आपल्याला फार वाटतं. दालचिनीची पूड लावतात, हायड्रोजन पेरॉक्साइड ओततात, हळद, कोळशाची भुकटी, बुरशीनाशकाचं पाणी, जे जे हाताशी येईल ते. दालचिनीत बुरशीला रोखणारा अंश आहे आणि ती जखम कोरडी करते, म्हणून पानाच्या किंवा खोडाच्या कापलेल्या जागी ती चालते. पण तीच पूड मुळांवर भुरभुरली तर चांगल्या मुळांचं पाणी ओढून घेते. पेरॉक्साइडचा तर सगळा जीव त्या फेसात आहे. ओतलं की फसफसतं आणि बघणाऱ्याला वाटतं, रोग जळतोय. प्रत्यक्षात जिवंत पेशींमध्येच असणारं एक विकर त्याच्यातला ऑक्सिजन मोकळा करतं, त्याचा तो फेस. झाडाची धडधाकट पेशी असो की जिवाणू, फेस सारखाच येतो. त्यात रोगाचं निदान काहीच नाही. नव्या मुळाच्या कोवळ्या टोकावर हे पाणी पडलं तर ते टोक करपतं, हे वेगळंच. मला वाटतं, यातल्या बहुतेक गोष्टी आपण आपल्यासाठी करतो. मुळं धुतली, मेलेली कापली, जखमा दिवसभर हवेवर सुकू दिल्या, नवी साल आणि उरलेल्या मुळांपुरतीच लहान कुंडी घेतली, झाड डुगडुगू नये म्हणून काठीला बांधलं. इथे काम संपतं. अगदीच मुळं नसतील तर ओलसर मॉसवर, पारदर्शक झाकणाच्या डब्यात, थेट ऊन न येणाऱ्या उजेडात ठेवायचं, म्हणजे पानांतून पाणी उडायचं कमी होतं. खत नाही, जिथे पाणीच ओढता येत नाही तिथे क्षार घालून काय मिळणार? इतकंच. पण माणसाला हे पुरत नाही. रोज झाकण उघडून बघणं हाही एक उपचार आहे असं आपण मनाशी ठरवून टाकतो.

डागांचं निदान त्या मानाने थरारक, कारण तिथे वेळ नसतो. पानावर डाग दिसला की मी आधी त्याच्या कडेने पेनाने रेघ मारते. आजवर वाचलेल्या सगळ्या सल्ल्यांत हा मला सर्वांत शहाणपणाचा वाटला, आणि त्याला खर्चही काही नाही. दुसऱ्या दिवशी डाग रेघेच्या आतच असेल तर घाई नाही. उन्हाने भाजलेला डाग असाच असतो: उजेडाकडच्या बाजूला, आधी फिकट, मग कोरडा, कागदासारखा, आणि जिथे आहे तिथेच. तो दिसायला भयानक असतो आणि करत काही नाही. रेघ ओलांडून डाग पुढे गेला असेल, त्याची कड पाणथळ, काचेसारखी दिसत असेल आणि भोवती पिवळी प्रभा असेल, तर तो जिवाणूंचा. मऊ कूज आणणारे जिवाणू दोन-तीन दिवसांत अख्खं पान पातळ करून टाकतात, आणि त्याला एक सडका वास येतो जो एकदा नाकात गेला की पुढच्या वेळी खोलीत शिरतानाच ओळखू येतो. तिथे दालचिनीशी चर्चा करत बसायचं नाही. पातं ज्योतीवर तापवायचं, डागाच्या पुढे चांगल्या हिरव्या भागात शिरून कापायचं, पातं पुन्हा तापवायचं, मगच पुढचं कापायचं. हिरवं पान कापताना हात आखडतो, आणि तिथेच गडबड होते. डागाला अगदी लागून कापलं तर जिवाणू कापाच्या अलीकडे आधीच येऊन बसलेले असतात.

गाभ्यातली कूज सगळ्यात वाईट. फॅलेनॉप्सिस रानात फांदीवरून आडवं, तोंड खाली करून लोंबतं; पानांच्या मधोमध पडलेलं पाणी आपसूक ओघळून जातं. आपण त्याला कुंडीत ताठ उभं करतो, कारण कुंडीतलं झाड असंच असतं अशी आपली कल्पना. मग वरून घातलेलं पाणी गाभ्यात साचतं, रात्रभर राहतं आणि एक दिवस नवं पान अलगद हातात येतं, बुडाशी काळं. याला वरच्या बाजूला वाढणारा एकच कोंब असतो. तो गेला की ते खोड तिथेच थांबतं. कधीकधी बुडातून नवं रोप फुटतं, कधी नाही. डेंड्रोबियम, कॅटलिया, ऑन्सिडियम या दुसऱ्या ऑर्किडांचं बरं. ती आडवी चालत जाणारी झाडं, एक फुगीर खोड गेलं तर शेजारचा डोळा जागा होतो.

बाकी पुष्कळ भीती फुकटची असते. बुडाचं सर्वांत जुनं पान पिवळं पडून गळणं म्हणजे वय. दांडीवर आणि पानाखाली चिकट, काचेच्या मण्यांसारखे थेंब दिसतात. ते बहुधा झाडाचा स्वतःचाच गोड स्राव, पण पिठ्या ढेकूण आणि खवले किडीही चिकट घाण करतात, म्हणून भिंगाने सांधे तपासलेले बरे. पिठ्या ढेकूण असलेच तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून एकेक टिपायचे आणि आठवड्याने पुन्हा तेच, कारण अंडी मागे राहतात. ते पानांच्या खोबणीत, वाळक्या पापुद्र्याखाली, अगदी कुंडीच्या तळाच्या मुळांतही दडतात. चिकाटीत ते माणसाला हरवतात.

बुरशीबद्दल मात्र माझं मन कधी एकसारखं राहत नाही. कुंडीत ती दिसली की मी बुरशीनाशक शोधते. आणि याच झाडाचा जन्म बुरशीशिवाय होत नाही. ऑर्किडचं बी धुळीच्या कणाएवढं, त्यात रोपाच्या शिदोरीला काहीच नसतं. रानात ते रुजतं ते एखाद्या बुरशीने त्याच्या आत शिरून त्याला अन्न पुरवलं तरच. फ्रान्समध्ये नोएल बर्नार्डने १८९९ मध्ये हे ओळखलं. त्याआधी काचघरवाले बी पेरून थकले होते. कधी रुजायचं, बहुधा नाही. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत लुइस नडसनने साखर घातलेल्या अगारवर, म्हणजे एका प्रकारच्या जेलीवर, बुरशीला वगळून, बी रुजवून दाखवलं. आपल्या घरी आलेली झाडं बुरशीला न भेटताच मोठी झालेली असतात, बाटलीत. पुढे कुंडीत त्यांची जी काही गाठ पडते ती बहुतेक वेळा वाईट मंडळींशी.

आणि ही झाडं इतक्या घरांत पोचली तीही एका आजारामुळेच. १९६० मध्ये जॉर्ज मोरेल हा फ्रेंच संशोधक विषाणूने पोखरलेलं सिंबिडियम ऑर्किड बरं करू पाहत होता. विषाणू सहसा कोंबाच्या अगदी टोकाच्या पेशींपर्यंत पोचत नाहीत, म्हणून त्याने तेवढंच टोक कापून अगारवर वाढवलं. निरोगी रोप मिळालं. पण वाटेत आणखी एक गोष्ट दिसली: त्या टोकापासून बारीक गोळे तयार होतात, ते कापले की पुन्हा वाढतात, आणि प्रत्येकाचं रोप होतं. एका झाडापासून हवी तितकी, सगळी एकसारखी. त्याआधी कलम म्हणजे खोड विभागून वर्षानुवर्षं वाट पाहायची. रोग्याला वाचवायला निघालेल्या माणसाच्या हाती कारखाना लागला. मला ही गोष्ट फार आवडते, आणि तिच्यातली खोचही कळते. इतकं सोपं झाल्यामुळेच आज ही झाडं फुलं असेपर्यंत ठेवून मग टाकून दिली जातात.

बरं झालेलं झाड बघायला डोळ्यांना निराळी सवय लावावी लागते. सुरकुतलेलं पान पाणी मिळाल्यावर थोडं ताठ होतं, पण सुरकुती राहते. ऑन्सिडियमचं पान वाढताना पाण्याला तुटलं तर त्याला घड्या पडतात आणि त्या त्या पानाच्या मरणापर्यंत तशाच. कापलेली कड कापलेलीच राहते. झाड मोडलेलं सांधत बसत नाही, ते पुढे नवं काहीतरी वाढवतं. म्हणून आजारी पानाकडे रोज बघून काही कळत नाही; बघायचं ते खोडाच्या बाजूला, जिथे एखाद दिवशी हिरवी गाठ दिसते, मग तिचं चकचकीत टोक. नवं मूळ. त्यामागून कितीतरी काळाने एक पान, आधीच्या सगळ्यांपेक्षा लहान. पुढचं त्याहून जरा मोठं. माझ्याकडच्या एका जुन्या फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या लांबीवरून त्याची वाईट वर्षं सांगता येतात. मधलं एक पान बोटाएवढंच आहे. झाड बघायला येणाऱ्यांना ते खुपतं, कापून टाका म्हणतात. ते पान अजून हिरवं आहे आणि काम करतंय.

विषाणूंवर मात्र घरीच काय, कुठेच औषध नाही. सिंबिडियम मोझॅक आणि ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन विषाणू जगभरच्या ऑर्किडांत पसरलेले आहेत, आणि ते पसरतात ते बहुतांशी आपल्याच कात्रीने. एका झाडाचा रस लागलेलं पातं दुसऱ्याला लागलं की झालं. पानावर खोलगट, तुटक काळे पट्टे, फुलात रंगाचे फराटे, किंवा काहीच नाही. ज्या झाडात काहीच दिसत नाही तेच जास्त धोक्याचं. पानाचा तुकडा द्रावात चुरून त्यात विषाणू तपासायची पट्टी बुडवायची: एक रेघ आली तर ठीक, दोन आल्या तर आहे. माझ्या एका झाडाला दोन आल्या. ते माझ्याकडचं सगळ्यात जोमदार झाड आहे. दरवर्षी सर्वांआधी दांडी टाकतं, डोळे दिपतील इतकं फुलतं. जाणकार म्हणतात, टाकून द्या, आणि त्यांचं बरोबरच आहे. मी ते वेगळ्या खिडकीत ठेवलंय, त्याचं पातं वेगळं, त्याला पाणी सगळ्यांच्या नंतर आणि त्याच्या कुंडीतून निथळलेलं पाणी दुसऱ्या कुणाला नाही. ही काळजी पुरेशी आहे असं मी म्हणते तेव्हा माझा स्वर मलाच थोडा वकिली वाटतो.

यंदा त्याच्या जुन्या दांडीवर एक पिल्लू फुटलंय, दोन पानं आणि एक इवलं मूळ. ज्या मैत्रिणीचं झाड आता कुठे सावरतंय तिने ते पाहिलं आणि लगेच मागितलं. मी कारण सांगितलं. तिने पिल्लाची पानं वरून-खालून न्याहाळली, एक डाग सापडला नाही, आणि म्हणाली, "पिल्लाची वेगळी तपासणी करून बघ की." पाकिटात एकच पट्टी उरली आहे. ती नुकत्याच आणलेल्या डेंड्रोबियमसाठी ठेवली होती. मी अजून तिला काही कळवलेलं नाही, पण पट्टी डेंड्रोबियमवरच वापरणार आहे. पिल्लाचं उत्तर मला ठाऊक आहे.